दोन पाने आणि एक फूल
(गोव्याच्या जनमत कौलाची कथा)

१६ जानेवारी १९६७ रोजी, सोमवारी, गोव्यातील मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली तिच्यावर एकाही उमेदवाराचे नाव नव्हते. होती ती केवळ दोन चिन्हे : एक फूल आणि दोन पाने. फुलाला मत म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दोन पानांना मत म्हणजे तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा. एरव्ही निवडणुकीत पाच वर्षांपुरती माणसे निवडावयाची असतात आणि चुकलेली निवड पुढच्या खेपेस दुरुस्त करता येते. या मतपत्रिकेला पुढची खेप नव्हती. भावी पिढ्यांनी कोणत्या राज्याचे नागरिक म्हणून जगावे, हा निर्णय एका दिवसात व्हावयाचा होता.

स्वतंत्र भारतात संसदेने कायदा करून एखाद्या प्रदेशातील जनतेला असा प्रश्न विचारावा, हे क्वचितच घडले आहे. आपल्या समाजातील तरुण वाचकांना या घटनेची फारशी माहिती नसते. ज्यांना असते त्यांच्यापैकी पुष्कळांनी तिची गोष्ट 'कॅथॉलिक विरुद्ध हिंदू' अशा सोप्या शब्दांत ऐकलेली असते. ती तशी नव्हती. कशी नव्हती हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गोमंतकीयांना मतपेटी नवीन नव्हती, पण ती सर्वांची कधीच नव्हती. १८२२ साली लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बर्नार्दो पेरिश द सिल्वा आणि कोन्स्तांसियु रॉक द कोश्त हे दोघे गोमंतकीय कॅथॉलिक होते. आशियातील एका वसाहतीच्या भूमिपुत्रांनी युरोपातील संसदेत बसावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होय. मात्र मत देणारे होते शिकलेले आणि मालमत्तावाले. कुळाला, मुंडकाराला, रेंदेराला किंवा कोणत्याही धर्माच्या स्त्रीला कोणी काही विचारीत नव्हते.

आणि मत देणारेही एकमेकांशी सभ्यपणे वागत होते असे नाही. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेची निवडणूक होती. 'पार्तिदु इंदियानु' आणि 'पार्तिदु उल्त्रामारिनु' या दोन पक्षांत सासष्टीची घराणी विभागली गेली होती आणि वैर इतके विकोपाला गेले होते की सरकारने सैन्य आणले. पवित्र आत्म्याच्या चर्चसमोरील चौकात जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे जागच्या जागी पडली. दोन्ही पक्षांचे पुढारी बहुतांशी एकाच धर्माचे, एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे होते. आपण सारे एका धर्माचे आहोत एवढ्याने राजकारणात सलोखा राहतो, असा समज असणाऱ्यांनी मडगावच्या त्या चौकात एकदा उभे राहून यावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, तेथे प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली. निकालाने दिल्लीला चकित केले. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. विधानसभेच्या तीस जागांपैकी गोव्याच्या वाट्याला अठ्ठावीस होत्या. त्यांपैकी चौदा भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकल्या आणि त्याच्या पाठिंब्याचे आणखी दोघे निवडून आले. उरलेल्या बारा जागा डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला मिळाल्या. बांदोडकर मुख्यमंत्री झाले, सिक्वेरा विरोधी पक्षनेते. मगो पक्षाचा जाहीरनामाच विलीनीकरणाचा होता आणि १९६५ साली विधानसभेने तसा ठराव बहुमताने संमत केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी विलीनीकरणाच्या बाजूने ठराव केला.

येथे या कथेतला पहिला महत्त्वाचा पेच येतो. मगो पक्षाचे म्हणणे असे की, निवडणूक याच प्रश्नावर लढविली, लोकांनी आम्हांला निवडले, आता आणखी काय विचारावयाचे? विरोधकांचे म्हणणे असे की, ज्याने मगोला मत दिले त्याने जमिनीसाठी दिले असेल, शाळेसाठी दिले असेल, जुन्या मिरासदारांच्या रागाने दिले असेल. एवढ्यावरून तो आपल्या भूमीचे वेगळे अस्तित्व पुसून टाकावयास तयार आहे असे कसे मानावे? दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य होते. दिल्लीत पुष्कळ खल झाला, गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी तेथे वेगळ्या अस्तित्वाची बाजू चिकाटीने मांडली आणि अखेरीस डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. दमण आणि दीवच्या लोकांना गुजरातबाबत तसाच प्रश्न विचारण्यात आला. त्यांनीही वेगळे राहणेच पसंत केले.

कौल घ्यावयाचा तर तो कोणाच्या देखरेखीखाली? विलीनीकरणवादी सरकार सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती कसे होणार, असा विरोधकांचा आक्षेप होता. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि कारभार केंद्राच्या हाती गेला. हाती असलेली सत्ता मतदानापूर्वीच सोडून देणे ही आजच्या राजकारणात जवळजवळ अविश्वसनीय वाटणारी गोष्ट आहे. त्यामागे हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? विजयाची खात्री असलेला माणूसच असा उदार होतो. तरीही तिचा परिणाम लक्षात घ्यावयास हवा : निकाल लागल्यावर 'सरकारने लबाडी केली' असे म्हणण्याची वाट तिने मतदानापूर्वीच बंद करून टाकली. दुसऱ्या बाजूलाही एक घोट गिळावा लागला. पोटापाण्यासाठी गोव्याबाहेर गेलेल्यांना मत असावे, अशी युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी होती. मुंबईतल्या धोबीतलावच्या कुडींत राहणारे खलाशी, खानसामे, वादक, कारकून यांचे मन गावच्या चर्चच्या फेस्तात आणि वाडवडिलांच्या घरात असे. पण ती मागणी मान्य झाली नाही. त्यांनी कौलावर बहिष्कार घाला असे म्हटले नाही. मत नाही तर नाही, आवाज तरी आहे, असे म्हणत त्यांच्यातील अनेकजण प्रचाराला लागले.

तो प्रचार सौम्य नव्हता. दोन्ही बाजूंना भीतीने घेरले होते आणि भ्यालेला माणूस मोजून बोलत नाही. या भीतींकडे आज आपण सहानुभूतीने पाहू शकतो. पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या कुळाच्या मनात भाटकाराची भीती होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या जमिनीत राबलो आणि ज्याच्या मर्जीवर आपली झोपडी उभी आहे, तो भाटकार, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती, वेगळ्या गोव्यात पुन्हा डोक्यावर बसेल. महाराष्ट्रात गेलो तर बहुजन समाजाचे राज्य आपल्या पाठीशी उभे राहील, असे त्याला वाटे. बांदोडकर सरकारच्या काळात, १९६४ साली, कूळ कायदा झाला होता आणि ज्या गावांनी शाळा पाहिली नव्हती तेथे मराठी शाळा निघाल्या होत्या. ज्याच्या मुलाने घराण्यात प्रथमच पाटी हातात धरली त्याला विलीनीकरण म्हणजे धर्माचे आक्रमण वाटत नव्हते. त्याला ती पाटी दिसत होती.

सासष्टी आणि बार्देशच्या कॅथॉलिकाची भीती निराळी होती. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्यांचा अनुभव अनेकांना कडू वाटला होता. एवढ्या मोठ्या राज्याच्या एका कोपऱ्यातला आपण एक जिल्हा होऊन पडू, आपली कोंकणी 'बोली' ठरेल, आपल्या मुलांना नोकऱ्या मिळणार नाहीत, असे त्याला वाटे. आणि रेंदेराचे काय? महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडावर चढून सूर काढणे हा ज्याचा वडिलोपार्जित धंदा, त्याला अस्मितेची व्याख्याने ऐकविण्याची गरजच नव्हती; त्याला मडके रिकामे दिसत होते. विद्वान लोक या प्रश्नावर भाषा आणि संस्कृती यांविषयी लिहीत राहिले. सामान्य माणसाने जमीन, शाळा, नोकरी आणि माड यांचा विचार केला, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

भाषेच्या आघाडीवर मात्र एक विलक्षण दृश्य दिसत होते. विलीनीकरणाच्या विरोधाचे सर्वांत धारदार हत्यार मराठीत घडत होते! पणजीचे 'गोमन्तक' हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होते. त्याला उत्तर देण्यासाठी मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हेही मराठीच. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर वाचण्यासाठी लोक त्या अंकाची वाट पाहत. कोंकणीचे व्रत घेतलेले रवींद्र केळेकर, गावोगाव गाणी म्हणत हिंडणारे उल्हास बुयांव, हे सारे हिंदू घरांतले. त्यांच्या जोडीला तियात्राच्या रंगभूमीवरून गावकऱ्यांना जागे करणारे कॅथॉलिक कलावंत. उलट बाजूला, बांदोडकरांच्या पहिल्या मंत्रिमंडळात टोनी फर्नांडिस हे ख्रिस्ती मंत्री होते. माणसाचे आडनाव ऐकून त्याचे मत ओळखू पाहणाऱ्याची अशा वेळी फसगत ठरलेलीच.

तरीही प्रचाराच्या धुळीत मराठी म्हणजे हिंदूंची आणि कोंकणी म्हणजे ख्रिस्त्यांची, अशी समीकरणे मांडली गेलीच. वसईच्या, उत्तनच्या आपल्यासारख्या मराठीत प्रार्थना करणाऱ्या कॅथॉलिकांना या समीकरणाचे हसू यावे. गोव्याच्या भूमीला तर ते मुळीच शोभणारे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले ते मराठी ओव्यांत, सासष्टीच्या नवख्रिस्ती भाविकांसाठी. आणि त्याच स्टीफन्सनी कोंकणीचे व्याकरण लिहिले, कोंकणीत ख्रिस्ती सिद्धान्ताचे पुस्तकही रचले. एका धर्मगुरूच्या एकाच मेजावर ज्या दोन भाषा शेजारी नांदल्या त्यांना साडेतीनशे वर्षांनी दोन छावण्यांच्या निशाणांवर चढविले गेले, हे त्या भाषांचे दुर्दैव.

मग या प्रसंगी कॅथॉलिक म्हणून माणसाने काय करावयाचे होते? याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण योगायोगाने अगदी ताजी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे गोव्याच्या कौलापूर्वी जेमतेम तेरा महिने, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला होता. सर्वांच्या हितासाठी आपले मत मुक्तपणे वापरणे हा नागरिकाचा हक्क आहे तसेच कर्तव्यही आहे, असे त्यात सांगितले आहे. पण तेवढेच सांगून परिषद थांबली नाही. ऐहिक प्रश्नांवर प्रामाणिक माणसांची मते भिन्न असू शकतात. ती प्रामाणिक मार्गाने मांडणाऱ्यांचा आदर राखावा. आणि आपल्या मताला ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा शिक्का लावून दुसऱ्याचे तोंड कोणी बंद करू नये, असेही तिने बजावले आहे. मतदानाचे कर्तव्य सांगणारी प्रवचने आपण निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ऐकतो. दस्तऐवजाचा हा दुसरा भाग त्या मानाने कमी ऐकू येतो.

मतदानाचा दिवस उजाडला. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. म्हणजे शंभरातले जवळजवळ ब्याऐंशी. ज्यांच्या बापजाद्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते अशी माणसे घरदार बंद करून रांगेत उभी राहिली. मोजणी १९ जानेवारीला पणजीत सुरू झाली. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा वेगळा राहिला.

या आकड्यांवर क्षणभर थांबावयास हवे, कारण 'कॅथॉलिक विरुद्ध हिंदू' ही कथा येथेच कोसळते. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात चाळिसाच्या आतच होते. ढोबळ हिशेबासाठी ते पुरते चाळीस धरले आणि त्यांतील प्रत्येकाने दोन पानांनाच मत दिले असे मानले (तसे झाले नसणारच), तरी वैध ३,१०,३६१ मतांत त्यांचा वाटा सव्वा लाखाच्या आत राहतो. मग उरलेली सुमारे अठ्ठेचाळीस हजार मते कोणाची? ती बहुतेक हिंदू शेजाऱ्यांची. ज्या निकालाचा आनंद आपण 'आमचा विजय' म्हणून साजरा केला तो त्यांच्यावाचून झालाच नसता. फुलाच्या बाजूला झुकलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतही दोन पानांना मत देणारी माणसे होती. आणि सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव यांतही फुलाचे चाहते होते. एका वाड्यावर, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची मते भिन्न पडली होती आणि मतपेटी गुप्त असल्यामुळे कोणाचे कोठे पडले हे कोणाला कळणार नव्हते. गुप्त मतदानाचा आपण विचार करतो तो मतदाराच्या संरक्षणाच्या दृष्टीने. शेजारधर्माचेही त्याने किती रक्षण केले, हे सहसा ध्यानात येत नाही.

आणखी एक हिशेब. सतरा हजार माणसांनी आपले मत फिरविले असते तर निकाल उलटा लागला असता. गोव्याच्या एका तालुक्यातही त्याहून अधिक मतदार होते. 'माझ्या एका मताने काय होणार' हे वाक्य त्या वर्षी गोव्यात तरी कोणी उच्चारू धजले नसावे.

आता कथेतला सर्वांत मोठा धडा, जो बाहेरच्या निरीक्षकांना बुचकळ्यात टाकून गेला. कौलानंतर दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण हरले, तेव्हा विलीनीकरणाचा पक्षही आता संपला, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मगो पक्षाला सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला बारा. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हजारो मतदारांनी जानेवारीत बांदोडकरांना 'नाही' म्हटले आणि मार्चमध्ये त्याच बांदोडकरांना 'राज्य करा' म्हणून सांगितले, असाच याचा अर्थ होतो. यात विसंगती शोधणारे पंडित निघाले. मला तर या मतदाराची समज त्यांच्याहून खोल वाटते. एका प्रश्नावर तुमचे-आमचे पटत नाही, म्हणून तुम्ही वाईट माणूस ठरत नाही आणि तुमचे बाकीचे काम टाकाऊ ठरत नाही, एवढे त्याला कळत होते. हरलेल्या बाजूनेही काही कमी शहाणपण दाखविले नाही. ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला ती लोकांनी नाकारल्यावर बांदोडकरांना रस्त्यावर उतरता आले असते. कौल खोटा, मते विकली गेली, दिल्लीने घात केला, असे म्हणता आले असते. ते निकालाला बांधून राहिले आणि ज्या वेगळ्या गोव्याला त्यांनी विरोध केला होता त्याचाच कारभार त्यांनी पाहिला. समोरच्या बाकांवर सिक्वेरा होते. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, जेथे तेव्हा विधानसभा भरे, ही दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या विरोधात बोलत राहिली, आणि बोलत राहिली हीच मोठी गोष्ट.

सगळे कायमचे गोड झाले असे मात्र कोणी समजू नये. कौलाने राज्याचा प्रश्न सोडविला. भाषेचा सोडविला नाही. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेच्या आंदोलनात गोवा पेटला. रस्ते अडविले गेले, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर हात उगारले, माणसे बळी पडली. प्रश्न जानेवारी १९६७ इतकाच जिव्हाळ्याचा होता. परंतु या वेळी तो कोणत्या रीतीने मिटवावयाचा याविषयी दोन्ही बाजूंचे आधी एकमत झालेले नव्हते. फेब्रुवारी १९८७ मध्ये विधानसभेने कायदा करून देवनागरी कोंकणीला राजभाषा ठरविले आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान दिले. गंमत अशी की, १९६७ साली खांद्याला खांदा लावून लढलेल्यांत या कायद्याने नवी तेढ पडली. रोमी लिपीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कॅथॉलिकांना आपली लिपी वगळली गेल्याचे दुःख झाले आणि कालचे सोबती आजचे प्रतिवादी बनले. राजकारणातील मैत्री आणि वैर यांचे आयुष्य असे थोडे असते, म्हणून त्यांच्यापायी घरोब्याचे संबंध तोडणारा माणूस मला नेहमी घाईचा वाटत आला आहे.

३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाला. जॅक सिक्वेरा यांनी तो दिवस पाहिला. १९८९ साली ते वारले. भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच निवर्तले होते. दोन पानांच्या निकालाने जो गोवा वेगळा राहिला, त्याचा पहिला मुख्यमंत्री म्हणून आज नाव घेतले जाते ते फुलासाठी झटलेल्या या माणसाचे.